जोडीला लावलेली रॅम

मे महिना लागला की आम्हा विस्तार अधिकाऱ्यांची गोणपाटे बाहेर निघतात. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून पेरायचे असेल तर त्याची उगवण आधी तपासून घ्या, हे सांगत आम्ही गावोगाव फिरतो. गोणपाट ओले करून अंथरायचे, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची, ती सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचे. सात-आठ दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. कमी निघाले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे. फारच कमी निघाले तर ते पेरायचेच नाही. परभणीहून बी.एस्सी. (कृषी) होऊन मी १९९३ साली नोकरीला लागलो. तेव्हापासून हे दाखवतो आहे. आधी ज्वारी-भुईमुगाचे दाणे घेऊन आणि पुढे सोयाबीन वाढले तसे सोयाबीनचे. आता झोपेत विचारले तरी सांगेन.

गेल्या मे महिन्यात बदनापूर तालुक्यातल्या एका गावी मारुतीच्या पारावर हेच चालले होते. पंचवीस-तीस मंडळी जमली होती. मी दाणे मांडता मांडता म्हणालो, "दाणा दिसायला टपोरा आहे म्हणून तो उगवेलच असं नाही. तपासल्याशिवाय खरं कळत नाही." एवढ्यात खिशातला फोन वाजला. जालन्याहून धाकटी लेक बोलत होती. आवाज रडवेला होता.

"अप्पा, आजोबांची फाइल उघडत नाही."

ती फाइल काय होती हे आधी सांगितले पाहिजे. आमचे गाव अंबड तालुक्यात. घरी साडेसात एकर जमीन, त्यात मोसंबीची बाग, बाकी कपाशी आणि सोयाबीन. १९७२ च्या दुष्काळाने आमच्या वडिलांना पार हलवून टाकले होते. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी घातली. पाऊस कधी पडला, किती ओल गेली, कोणत्या तारखेला तिफण धरली, किती पायली बी लागले, किती पोती झाली, आडत्याने काय भाव दिला, कोणत्या बैलाला काय दुखणे झाले, सगळे त्या चोपडीत. वडील चौथी शिकलेले, पण अक्षर मोत्यासारखे. १९९८ साली ते गेले. त्यानंतर थोरल्या बंधूंनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, हे व्रत चालू ठेवले. त्यांच्या वह्या मात्र मुलांच्या शाळेच्या, अर्धी पाने फाटलेल्या. पण वर्ष एकही चुकलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मनात आले की हे सगळे संगणकात उतरवून घ्यावे. एका घरची पन्नास वर्षांची शेती तारीखवार लिहिलेली कुठे मिळते? पेरणी किती पुढे सरकली, पावसाचे खंड कधी पडले, हे एका नजरेत दिसले असते. लेकीने काम अंगावर घेतले. कॉलेज करून ती रोज रात्री तास-दीड तास एक्सेलमध्ये नोंदी भरायची. वडिलांची चोपडी संपली तशी ती मी मानाने गावाकडे देवघरात परत नेऊन ठेवली. मग दादांच्या २०१६ पर्यंतच्या वह्या आणल्या. मार्चअखेर त्याही संपल्या.

आता संगणकाचे सांगतो. आमचा संगणक २०११ साली थोरल्या मुलासाठी जालन्यातच असेंबल करून घेतलेला. त्याच्यावरच आम्ही नवरा-बायकोने एमएस-सीआयटीचा सराव केला. मुलगा शिकून पुण्याला गेला, संगणक राहिला. त्यात दोन जीबीची रॅम. तेवढ्यात पूर्वी भागत होते, पण आता दोन खिडक्या उघडल्या की यंत्र धापा टाकू लागे. लेक एक आकडा टाकायची आणि वाट बघत बसायची.

संगणकात माल ठेवायच्या दोन जागा असतात. एक हार्ड डिस्क, ती आपल्या कणगीसारखी किंवा भिंतीतल्या बळदासारखी. त्यात माल पडून राहतो, वीज गेली तरी जात नाही. दुसरी रॅम, ती खळ्यासारखी. मळणी-उफणणी जे काय चालले असेल ते खळ्यावर पसरलेले असते. वीज गेली की खळे साफ. खळे लहान असले तर थोडा माल पसरायचा, पुन्हा कणगीत नेऊन टाकायचा, पुन्हा दुसरा आणायचा, अशा खेपा होतात. आमच्या यंत्राच्या धापा म्हणजे याच खेपा होत्या. खळे वाढवले की खेपा वाचतात. एवढ्यासाठी सबंध संगणक बदलावा लागत नाही. मदरबोर्डवर रॅमची पट्टी बसवायच्या खाचा असतात, त्याला स्लॉट म्हणतात. आमच्यात दोन होते, एक रिकामा. त्यात दुसरी पट्टी बसवली की झाले.

पुतण्या आमच्याकडेच राहून डिप्लोमा करतो. तो नव्या जालन्यातल्या एका दुकानातून चार जीबीची नवी कोरी पट्टी घेऊन आला. बसवली, बटण दाबले, आणि संगणकाने नुसत्या शिट्ट्या मारल्या. पडदा काळा. दुकानदाराने फोनवरच निदान केले, "काका, बोर्ड गेला. नवीनच घ्या आता." पट्टी काढून बघितली तर यंत्र पहिल्यासारखे सुरू! बोर्ड गेलेला नव्हता. मग काय होते?

याचा उलगडा आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कारागिराने केला. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे, आता मिळेल ते करतात. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि चष्मा वर करून तिच्यावरचे काळे चौकोन मोजले. "आठच हाईत. तुमच्या बोर्डाला सोळा लागतील," म्हणाले. आमचा बोर्ड जी४१ जातीचा. आपल्याकडे २०१० च्या आगेमागे असेंबल झालेल्या संगणकांत हा बोर्ड फार खपला. चार जीबीचा माल सोळा लहान पोत्यांत भरता येतो किंवा आठ मोठ्या पोत्यांत. वजन तेच. पण या जुन्या हमालाला मोठे पोते उचलतच नाही. पट्टी चांगली, बोर्ड चांगला, तरी दोघांचे जमत नाही. नवी पट्टी खराब निघाली किंवा बोर्ड मेला म्हणून कितीतरी घरांत नाहक पैसे गेले असतील. चौकोन मोजायला मात्र एक पैसाही लागत नाही.

दुकानदाराने कुरकुर करत चार जीबीची पट्टी परत घेतली. आठ दिवसांनी पुतण्याने एका मित्राच्या मोडीत निघालेल्या संगणकातून दोन जीबीची जुनी पट्टी साडेतीनशे रुपयांत आणली. कंपनी वेगळी, वेगाचा आकडा वेगळा. मी म्हणालो, "अरे, दोन कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतील का?" तो म्हणाला, "काका, लावून बघू." लावली. यंत्र सुरू झाले, चार जीबी दाखवू लागले. आमच्या जुन्या ३२ बिटी विंडोजला त्यातली सव्वातीनच वापरता येत होती, पण तेवढ्याने लेकीचे काम पाणी लावल्यासारखे धावू लागले. आम्ही सगळे खूश. त्या दिवशी घरात भजी झाली.

या भज्यांच्या दिवशीच माझी चूक झाली. ती कोणती हे पुढे येईलच. आधी लोकांच्या मनातला एक गैरसमज काढतो, कारण तो माझ्याही मनात होता. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र लावणे हे पाप नाही. पट्टीवरचा कागद कोणाचाही असो, आतले काळे चौकोन बनवणारे जगात थोडेच आहेत. बहुतेक माल सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांचा. पिशव्या दहा, पण आतला माल कदाचित एकाच शिवारातला, असे समजा. आम्हा जालनेकरांना हे सांगायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली, तेव्हापासून बियाण्याच्या पिशव्या बघतच आम्ही मोठे झालो.

शिवाय प्रत्येक पट्टीवर एक बारीकशी चीप असते, तिच्यात त्या पट्टीची सगळी कुंडली लिहिलेली असते: किती जीबी, किती वेग, किती विजेवर चालते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते ना, तशीच. संगणक सुरू होताना दोन्ही चिठ्ठ्या वाचतो आणि दोघींना झेपेल अशा चालीवर दोघींना चालवतो. १३३३ ची आणि १६०० ची पट्टी एकत्र लावली तर दोन्ही १३३३ नेच चालणार. आमच्या बोर्डाची तर झेपच १०६६ ची, त्यामुळे दोघीही तेवढ्यावर. औताला एक तडफदार खोंड आणि एक वयस्क बैल जुंपला तर औत कोणाच्या चालीने चालते, हे तुम्ही मला सांगाल. त्यात खोंडाचे थोडे नुकसान, पण रान नांगरले जातेच.

सारख्या मापाच्या दोन पट्ट्या असल्या तर त्या जोडीने ओढतात आणि काम आणखी चपळ होते. दोन आणि चार अशी विजोड जोडी असली तर बहुतेक बोर्डांवर दोन्हीकडचे दोन-दोन जोडीने चालते आणि उरलेले दोन एकटे. यातही बिघडत काही नाही. रानात जेएस ९३०५ आणि एमएयूएस ७१ मिसळून पेरले तर एक आधी वाळते, दुसरे मागे राहते आणि काढणीला शेंगा तडकतात. तसले नुकसान इथे होत नाही.

जे मुळात बसणारच नाही ते बनवणाऱ्यांनीच अडवून ठेवले आहे. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ अशा रॅमच्या पिढ्या आहेत. प्रत्येक पिढीच्या पट्टीच्या खालच्या कडेला एक कापलेली खाच असते आणि ती वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ ची पट्टी जाणारच नाही. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी ती हातोडीच्या दांड्याने ठोकून बसवायचा प्रयत्न केला होता. पुढे काय झाले ते सांगत नाही. लॅपटॉपची पट्टी तर लांबीनेच निम्म्याच्या आसपास असते, ती मोठ्या संगणकात बसत नाही.

तेव्हा मिसळण्याने आमचा घात झाला नाही. न तपासता मिसळण्याने झाला.

एप्रिल लागला तसा संगणक अधूनमधून अडू लागला. दुपारी जास्त. मध्येच निळा पडदा यायचा, त्यावर इंग्रजी अक्षरे, आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. मी विजेला दोष दिला. पुतण्याने व्हायरसला दिला. सौ. म्हणाली, "ऊन कसलं पडलंय, माणसं चक्कर येऊन पडायला लागलीत, त्याला नाही का होणार?" आम्ही हसलो. तिचे म्हणणे सगळ्यात खरे होते हे नंतर कळले.

त्याआधी गुढीपाडव्याच्या साफसफाईत सौ.ने दादांच्या वह्यांचा गठ्ठा पुढे आणून विचारले होते, "या गावाकडं न्यायच्या का?" पाऊस लागून त्यांची पाने चिकटली होती, कसर लागली होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. डोके वर न करता म्हणालो, "सगळं संगणकात आलंय. रद्दीत टाक." दारावर भंगारवाला आलाच होता. पंधरा रुपये आले.

हे पंधरा रुपये मला आजही टोचतात. वह्या माझ्या नव्हत्या, दादांच्या होत्या. त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते.

आता पारावरून घरी येतो. बैठक कशीबशी आटोपून मी जालन्याला परतलो. फाइल उघडायला गेले की संगणक म्हणायचा, फाइल खराब आहे. लेकीने शहाणपणाने मार्चअखेर एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती. तीही उघडेना. पुतण्याच्या लॅपटॉपवर लावली, तिथेही तेच. याचे कारण मला सगळ्यात उशिरा समजले. पेनड्राइव्हवर प्रत घेतली तेव्हाच मूळ फाइल बिघडलेली होती. किडक्या बियाण्याची दुसरी पिशवी भरून ठेवली म्हणून ते निरोगी होत नाही.

फाइल बिघडली कशी? तेच कारागीर पुन्हा आले. त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. रॅमच्या आत कोट्यवधी बारीक मडकी असतात असे समजा. मडके भरलेले असेल तर एक, रिकामे असेल तर शून्य. सगळा हिशेब या एक-शून्यावर. पण ही मडकी झिरपती असतात. म्हणून संगणक ती पुन्हा पुन्हा भरत राहतो. ६४ सहस्रांश सेकंदाच्या आत प्रत्येक मडक्याला एक फेरी मिळते. एखादे मडके नेहमीपेक्षा जास्त झिरपते असेल तर फेरी यायच्या आत ते रिकामे होते आणि एकाचे शून्य होते. उन्हाळ्यात मडकी जास्त झिरपतात. आमच्या जुन्या पट्टीत असली काही मडकी होती. फेब्रुवारीत थंडीत ती निभली, उन्हाने तिचे पाणी दाखवले. लेक फाइल सेव्ह करत असताना खळ्यावरचाच दाणा बदलला आणि बदललेला दाणा कणगीत गेला. एक्सेलची फाइल आवळून बांधलेल्या गाठोड्यासारखी असते. आत एक गाठ चुकली की गाठोडे सुटत नाही.

यात संगणकाने काही कुरकुर केली का? नाही. घरगुती संगणकाला अशी चूक झालेली कळतच नाही. बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत आठ चौकोनांमागे एक नववा चौकोन पहाऱ्याला असतो, तो चूक पकडतो. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या एका संशोधिकेने गूगलच्या इंजिनियरांबरोबर तिथल्या हजारो संगणकांचा अभ्यास करून २००९ साली असे दाखवले की वर्षभरात शंभरातल्या आठांहून जास्त पट्ट्यांत काहीतरी चूक होतेच. तिथे पहारेकरी होता म्हणून ती मोजता आली. आपल्या घरी पहारेकरी नसतो, म्हणून आपल्याला सगळे आलबेल वाटते.

त्या रात्री कारागिरांनी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ नावाची चाचणी लावली. ती फुकट मिळते. रॅमच्या प्रत्येक मडक्यात एक भरते, वाचते, शून्य भरते, पुन्हा वाचते, असे तासन्‌तास चालते. आम्ही जेवून बसलो. रात्री दीडच्या सुमाराला पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. एक, दोन, मग भराभर. मग एकेक पट्टी वेगळी करून तपासली. २०११ ची आमची मूळ पट्टी दुसऱ्या रात्री सकाळपर्यंत निर्मळ. साडेतीनशेची पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये लावून बघितली, दोन्हीकडे लाल. पुतण्या मान खाली घालून बसला होता. मी त्याला म्हणालो, "तुझी चूक नाही. गोणपाट माझ्याकडे होतं." त्याला ते समजले नसावे.

नवी पट्टी लावली त्याच रात्री ही चाचणी लावली असती तर लाल ओळी तेव्हाच दिसल्या असत्या किंवा कदाचित थंडीत दिसल्याही नसत्या. पण पहिला निळा पडदा आला तेव्हा नक्की दिसल्या असत्या. एक रात्रीचे काम. आणि मी एप्रिलभर विजेला शिव्या देत बसलो.

आता तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुना संगणक असेल आणि मुले रॅम वाढवायचे म्हणत असतील, तर त्यांना अडवू नका. खर्च थोडा आणि फायदा मोठा असतो. फक्त आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडतात का हे बघा. नुसती प्रत घेऊन समाधान मानू नका. मग वायर भिंतीतून काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. पट्टीला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरते. आपल्या पट्टीवरचा कागद वाचून पिढी कोणती, जीबी किती, वेग किती ते वहीत लिहून दुकानात जा. डीडीआर३ मध्ये दीड व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची अशा दोन जाती मिळतात. कमी विजेची पट्टी दीडवरही चालते, पण दीडचीच पट्टी जिथे १.३५ ची सोय आहे तिथे लावू नये. बोर्ड जुना असेल तर चौकोन मोजा. जुनी पट्टी घेत असाल तर तिची सोनेरी दाती खोडरबराने हलक्या हाताने पुसा. कित्येकदा नुसत्या मळाने शिट्ट्या वाजतात. बसवताना दोन्ही टोकांचे चिमटे आपोआप मिटले पाहिजेत, जोर करायचा नाही.

मग चाचणी. एकेक पट्टी वेगळी लावून एकेक रात्र, आणि शेवटी दोन्ही मिळून एक रात्र. ही शेवटची रात्र टाळू नका. एकएकटे चांगले चालणारे बैल जोडीत अडतात, तसेच इथेही होते. मेमटेस्ट जमत नसेल तर विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची चाचणी असते, ती लावा. ती थोडी हलकी, पण काहीच न करण्यापेक्षा बरी. एकही लाल ओळ आली तर ती पट्टी ठेवू नका. "एवढ्याने काय होतंय" म्हणू नका. आणि दुकानदाराशी आधीच बोलून घ्या की चाचणीत नापास झाली तर परत घेशील का.

आम्ही पुढे सोळा चौकोनांची चार जीबीची पट्टी शोधून आणली, तीही वेगळ्याच कंपनीची. तीन रात्री तपासली. जुन्या दोनबरोबर ती गुण्यागोविंदाने चालली आहे.

राहिली फाइल. लेकीने जानेवारीत एक प्रत स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवली होती, ती सापडली. तिच्यात २००८ पर्यंतच्या नोंदी होत्या. वडिलांचे सगळे आणि दादांची दहा वर्षे वाचली. गेली ती २००९ ते २०१६, नेमकी ज्यांच्या वह्या मी रद्दीत टाकल्या ती आठ वर्षे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही वर्षे सांगायला नकोत. २०१२ चा पाऊस, २०१३ च्या उन्हाळ्यात टँकरने जगवलेल्या आणि जळून गेलेल्या मोसंबीच्या बागा, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, पुन्हा दोन वर्षे कोरडी. जे आकडे मला सगळ्यात जास्त हवे होते तेच गेले.

दादांना सांगायला मी रविवारी गावी गेलो. वाटेत काय बोलायचे ते चारदा मनात जुळवले. दादा बागेत आळी करत होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले, रद्दीचेही सांगितले. त्यांनी खुरपे बाजूला ठेवले. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "बाबाची चोपडी हाय ना?"

"आहे. देवघरात."

"मंग झालं," म्हणाले आणि पुन्हा आळ्याला लागले. मला वाटले राग गिळला. पण थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "बारा सालाचं कशाला लिवायला पायजे रे? ते काय इसरतंय व्हय? पोरीला घिऊन ये पुढच्या रविवारी. मी सांगतो, ती लिवंल."

तेव्हापासून रविवारी सवड झाली की आम्ही गावी जातो. लेक ओसरीवर पुतण्याचा लॅपटॉप घेऊन बसते, शेजारी एक वहीही ठेवते आणि दोन्हीकडे लिहिते. दादा सांगतात. तारखा पक्क्या येत नाहीत, पण पोळ्याच्या आधी की नंतर, अमक्याच्या लग्नाच्या आठवड्यात, असे करत आम्ही जवळपास पोचतो. वडिलांच्या चोपडीत नव्हत्या अशा गोष्टीही निघतात. एका टँकरचे पैसे वहिनींनी कानातले मोडून दिले होते, हे मला माहीतच नव्हते. वहीतही नसणार, दादा असले लिहीत नसत.

परवाच्या रविवारी २०१३ चा उन्हाळा चालला होता. तीनशे झाडांतली किती वाचली, असे लेकीने विचारले. दादा म्हणाले, "एकशे चाळीस."

वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. उंबऱ्यातच थांबल्या. "एकशे बत्तीस," म्हणाल्या. "आळ्यात घागरीनं पाणी मी घालत व्हते, तुम्ही नव्हं."

लेकीने माझ्याकडे बघितले. मी दादांकडे बघितले. दादांनी चहाची बशी हातात घेतली आणि नुसती मान हलवली. तिने १३२ लिहिले आणि शेजारच्या रकान्यात, हा आकडा कोणी सांगितला तिथे, 'काकू' असे लिहिले. अजून गारपीट यायची आहे.